ग्वाल्हेरला गेलेलं पत्र : इंदिराराजे गायकवाड यांच्या मोडलेल्या सोयरिकीचं प्रकरण

बडोद्याच्या राजवाड्यात ग्वाल्हेरहून तार आली तेव्हा लग्नाची तयारी सुरू झालेली होती. तारेत एवढंच विचारलं होतं, की राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय समजायचा? सयाजीराव महाराज आणि महाराणी चिमणाबाई दोघंही कोड्यात पडले. कसलं पत्र? मुलीला बोलावणं गेलं. मग उलगडा झाला, की दिल्ली दरबारानंतर इंदिराराजेंनी आपल्या नियोजित वराला, म्हणजे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांना, परस्पर लिहून टाकलं होतं: हे लग्न मला करायचं नाही.

ही हकिकत इंदिराराजेंच्या मुलीनं, जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी, आपल्या आठवणींत सांगितली आहे. म्हणजे ती एकाच बाजूची, आईच्या तोंडून ऐकलेली, आणि घरात सांगून सांगून थोडी गुळगुळीत झालेली असणार. तेवढं गृहीत धरूनच पुढे जाऊ.

इंदिराराजे म्हटलं की लोकांना आठवतं ते त्यांचं रूप. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडन-पॅरिसच्या मेजवान्यांत ज्या मोजक्या हिंदुस्थानी स्त्रियांकडे माना वळायच्या त्यांत त्या होत्या. फ्रेंच शिफॉनची साडी आपल्याकडे रूढ झाली ती त्यांच्यामुळे, असं सांगतात. फ्लॉरेन्सच्या साल्वातोरे फेरागामो या जोडे बनवणाऱ्या कारागिराकडे त्यांनी एकदम 100 जोड बनवायला टाकले, आणि त्यातल्या काहींवर लावायला हिरे-मोती स्वतःच्या पेटीतले पाठवले. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ल तुकेच्या जुगारघरात त्या खेळायला बसत तेव्हा जवळ एक जिवंत कासव असायचं, शुभशकुनाचं, पाठीवर पाचू, हिरे आणि माणकं जडवलेलं. कासवाची आठवणही गायत्रीदेवींचीच. हे सगळं वाचायला मजेचं आहे, मलाही वाचताना आली. पण त्या झगमगाटात 1911 ची 19 वर्षांची मुलगी दिसेनाशी होते. तेव्हा ती कुणी फॅशनची राणी नव्हती. ती दोन मराठा दरबारांमध्ये ठरलेल्या व्यवहाराचा विषय होती. म्हणून इथे तेवढ्याच दोन वर्षांचं प्रकरण घेतलं आहे.

सोयरीक

इंदिराराजेंचा जन्म 1892 चा. भावंडांत एकुलती मुलगी. वडील सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव, 1875 मध्ये दत्तक येऊन गादीवर बसलेले. त्यांच्या सुधारणा मराठी वाचकाला सांगायला नकोत, पण या प्रकरणात दोन लागतात. 1904 मध्ये बडोदा संस्थानात बालविवाहाला कायद्यानं प्रतिबंध झाला आणि 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, मुलींनासुद्धा. ज्या काळात 18 वर्षांची बिनलग्नाची मुलगी म्हणजे घोडनवरी, त्या काळात या घरात तिला शिकवलं, युरोपात फिरवलं, चारचौघांत बोलू दिलं.

आई चिमणाबाई मूळच्या देवासच्या घाटग्यांच्या. त्या तर महाराजांच्याही एक पाऊल पुढे. 1911 मध्ये हिंदी स्त्रीच्या समाजातल्या स्थानावर त्यांचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं, एका सहलेखकाबरोबर लिहिलेलं. बायकांनी कोणकोणती कामं हाती घ्यावीत, कुठे कुठे शिरावं याचा त्यात ऊहापोह आहे. पुढे 1927 मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्ष त्याच होत्या.

आणि याच आईबापांनी मुलगी दिली ती कुठे? ग्वाल्हेरला, सवतीवर.

माधवराव शिंदे 1876 चे, मुलीपेक्षा 16 वर्षांनी मोठे. पहिली राणी हयात, चिनकूराजे, मूलबाळ नाही. गादीला वारस हवा म्हणून दुसरं लग्न. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. राज्यकारभारात कष्टाळू, थट्टेखोर, आगगाड्यांचा वेडा. जयविलास राजवाड्यातल्या मेजावर त्यांनी चांदीची छोटी आगगाडी बसवून घेतली होती. जेवणानंतर ती ब्रँडी आणि सिगार घेऊन रुळांवरून पाहुण्यांसमोर फिरायची. आजही तिथल्या संग्रहालयात ती ठेवलेली आहे. पण त्यांच्या घरात राणीवसा पडद्यात होता, आणि नव्या राणीसाठी तो उघडणार नव्हता.

मग सयाजीरावांनी हो का म्हटलं? माझ्या मते कारणं दोन. पहिलं सरळ आहे: बरोबरीचं मराठा घराणं. 21 तोफांच्या, म्हणजे संस्थानिकांतल्या सर्वोच्च मानाच्या, सलामीच्या गायकवाडांच्या मुलीला शोभेल अशी स्थळं बोटावर मोजण्याइतकी. दुसरं कारण राजकीय, आणि ते मी अंदाजानं मांडतो आहे. अरविंद घोष 1893 पासून 1906 पर्यंत बडोद्याच्या नोकरीत होते. संस्थानात राष्ट्रीय विचारांच्या लोकांना थारा मिळतो, असा इंग्रजांचा संशय होता. ग्वाल्हेर मात्र सरकारच्या खास मर्जीतलं. 1900 च्या चीनच्या मोहिमेसाठी माधवरावांनी ‘ग्वाल्हेर’ नावाचं रुग्णालय-जहाज सज्ज करून दिलं होतं. असा जावई म्हणजे कलकत्त्यात बसलेल्या व्हाइसरॉयपुढे एक प्रकारचा जामीनच. सयाजीरावांनी हे असं मोजून पाहिलं असेलच असं नाही. पण इतका हिशेबी राजा हे मनात आणत नसेल, हेही पटत नाही.

दिल्ली, डिसेंबर 1911

पंचम जॉर्ज बादशहाचा दरबार 12 डिसेंबरला भरला. निजामानंतर मुजऱ्याचा मान गायकवाडांचा. सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात, अंगावर दागिने न घालता, हातात छडी घेऊन पुढे आले, एकदाच किंचित लवले आणि मागे मागे सरकत जाण्याऐवजी पाठ फिरवून चालते झाले. त्याची चित्रफीत लंडनमध्ये दाखवली गेली, वर्तमानपत्रांनी गहजब केला, आणि महाराजांना व्हाइसरॉय हार्डिंगकडे दिलगिरीचं पत्र पाठवावं लागलं. हा मुजरा मुद्दाम की अनवधानानं, यावर अजून वाद आहे. तो इथे नको.

बाप त्या दिवशी रिंगणात होता आणि मुलगी तंबूंच्या गावात दुसरीकडेच गुंतली होती. संस्थानिकांच्या छावण्या शेजारी शेजारी, रोज चहापाणी, पोलो, नाच. तिथे कूचबिहारच्या राजघराण्यातले जितेंद्र नारायण तिला भेटले. वय 25 च्या आत, दिसायला देखणे, बोलायला मिठ्ठास, क्रिकेट खेळणारे. थोरले भाऊ राजेंद्र नारायण नुकतेच, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, गादीवर आलेले. म्हणजे जितेंद्र धाकटे, स्वतःचं राज्य नाही.

बडोद्याच्या बाजूनं या स्थळात काय काय खटकलं असेल ते आपल्याकडच्या कुठल्याही वधूपित्याला चटकन कळेल. संस्थान लहान, सलामी 13 तोफांची. मुलगा धाकटा. मराठा नाहीच, पार बंगालच्या टोकाचा. घराणं साहेबी वळणाचं, दारू आणि मेजवान्यांसाठी नाव झालेलं. शिवाय घर ब्राह्मो, म्हणजे मूर्तिपूजा न मानणाऱ्या बंगाली सुधारक पंथाचं: जितेंद्र यांची आई सुनीतीदेवी म्हणजे त्या पंथाचे पुढारी केशवचंद्र सेन यांची मुलगी.

या सुनीतीदेवींच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट इथे आडवळणाची वाटेल, पण सोडवत नाही. 1878 मध्ये केशवचंद्रांनी तिचं लग्न कूचबिहारच्या राजाशी लावलं तेव्हा ती 14 वर्षांचीही नव्हती. ब्राह्मो विवाहासाठी 1872 चा कायदा व्हावा म्हणून झटलेल्या केशवचंद्रांनीच त्या कायद्याची वयाची अट धाब्यावर बसवली, म्हणून अनुयायी खवळले आणि त्याच वर्षी फुटून साधारण ब्राह्मो समाज उभा राहिला. सुधारकाची मुलगी आणि तिचं लग्न, हा तिढा बडोद्याच्याही आधी कूचबिहारनं पाहिला होता. फरक इतकाच, की तिथे मुलीला कुणी विचारलं नव्हतं आणि इथे मुलीनं विचारायची वाट पाहिली नाही.

पत्र

हे प्रकरण मी वर्गात मांडतो तेव्हा मुलं पहिल्यांदा प्रेमाबद्दल बोलतात. तो तिला आवडला, म्हणून तिनं मोडलं. बरोबरच आहे. पण आवडणं आणि मोडणं यांच्यामध्ये एक पायरी आहे: सांगायचं कुणाला?

आईवडिलांना सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा. गोष्ट राजवाड्याच्या आत राहिली असती. समजावणं, रडारड, कदाचित युरोपची एखादी सफर, आणि ठरल्या मुहूर्तावर लग्न. बापाची आज्ञा आणि मुलीची नापसंती यांतलं काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. एखाद्या भावाच्या मध्यस्थीनं सुचवलं असतं तरी तेच.

पत्र ग्वाल्हेरला गेल्यावर मात्र ती घरगुती नापसंती राहिली नाही. आता वरपक्षाकडे लेखी नकार होता, वधूच्या हातचा. शिंद्यांसारखा मानी माणूस असा कागद हाती आल्यावर तिला पालखीत घालून नेणार नव्हता. आणि तिनं नेमका हाच भरवसा धरला असला पाहिजे: ज्याच्यापासून सुटायचं त्याच्याच अब्रूवर हवाला. बापाच्या अधिकाराला हात न लावता तिनं तो निकामी केला. 19 वर्षांच्या मुलीला हे सुचलं, याला मी तिच्या रूपापेक्षा जास्त मानतो. या एका कागदापुढे कासव आणि जोडे फिके आहेत.

माधवरावांचं वागणंही पाहण्यासारखं आहे. तयारी सुरू असताना, सगळ्या संस्थानी जगात गवगवा झालेला असताना, त्यांनी सयाजीरावांना समजुतीचं पत्र लिहिलं आणि खाली स्वतःला त्यांचा मुलगा म्हणवून सही केली, असं गायत्रीदेवी सांगतात. थोड्याच काळात त्यांनी गोव्याच्या सत्तरीच्या राणे घराण्यातल्या गजराराजेंशी लग्न केलं. मुलगी झाली, मग 1916 मध्ये वारस झाला. बादशहा आणि राणीच्या नावांवरून मुलांची नावं ठेवली मेरी कमलाराजे आणि जॉर्ज जिवाजीराव. ग्वाल्हेरच्या राजनिष्ठेबद्दल वर जे म्हटलं त्याला याहून वेगळा पुरावा नको.

दीड वर्ष

ठरलेलं मोडलं, म्हणून नवीन जुळलं असं झालं नाही. इथून पुढचं दीड वर्ष जास्त कठीण, आणि त्याबद्दल लिहिलंही कमी जातं, कारण त्यात चमकदार प्रसंग नाहीत. जितेंद्र यांना दूर राहायला बजावलं गेलं. मुलीवर नजर ठेवली गेली. युरोपच्या वाऱ्या झाल्या. पत्रं चोरून जात राहिली, भेटीही होत राहिल्या.

सयाजीरावांची बाजूही समजून घ्यायला हवी. 1911-12 चा काळ त्यांच्यासाठी फार वाईट होता. दरबारातल्या मुजऱ्याचं प्रकरण ताजं. त्याच सुमारास लंडनच्या घटस्फोट कोर्टात एका इंग्रज नवऱ्यानं बायकोविरुद्धच्या दाव्यात त्यांना सहप्रतिवादी केलं. राज्यकर्त्या संस्थानिकावर असा दावा चालत नाही, एवढ्या मुद्द्यावर त्यांचं नाव वगळलं गेलं, आरोपाची शहानिशा झालीच नाही. वर घरातली मुलगी शिंद्यांची सोयरीक मोडून बसलेली. बापाला राजेपणाचं कवच होतं आणि मुलीला तसलं काही नव्हतं, हेही खरं.

चिमणाबाईंचा राग जास्त टिकला. पुस्तकात बायकांच्या हक्कांबद्दल लिहिणारी आई स्वतःच्या मुलीच्या बाबतीत अशी का, असा सवाल फेकणं सोपं आहे. मला त्यात ढोंग दिसत नाही. त्या पिढीच्या सुधारकांना बाईनं शिकावं, काम करावं, पडदा सोडावा हे मनापासून वाटत होतं. लग्न कुणाशी, हा प्रश्न त्यांच्या सुधारणांच्या यादीत नव्हताच. तो घराण्याच्या खात्यात होता. मुलीनं तो एका खात्यातून उचलून दुसऱ्यात टाकला, आणि घरच्यांना तो तिथे ओळखता येईना.

शेवटी आईवडील नमले, पण अर्धेच. लग्न करा, परदेशात करा, आम्ही येणार नाही.

1913 च्या उन्हाळ्यात लंडनच्या एका हॉटेलात ब्राह्मो पद्धतीनं विवाह झाला आणि रजिस्ट्री ऑफिसात नोंदवलाही गेला. या दुसऱ्या भागाकडे सहसा कुणी पाहत नाही. हिंदुस्थानात तेव्हा असं लग्न नोंदवायचं तर 1872 चा कायदा, आणि त्यात दोघांनाही लिहून द्यावं लागे, की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही वगैरे. गायकवाडांच्या मुलीनं ‘मी हिंदू नाही’ असं लिहून देणं म्हणजे मुजऱ्यापेक्षा मोठा बोभाटा. लंडनमध्ये तसलं काही लिहून द्यावं लागत नव्हतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला तो 1919 मध्ये. ब्रिटिश हिंदुस्थानात हिंदू राहून हिंदूशी जातीबाहेर नोंदणी विवाह करायची सोय हरिसिंह गौर यांच्या कायद्यानं झाली 1923 मध्ये. बडोद्याची मुलगी कायद्याच्या दहा वर्षं पुढे होती, ती बोटीचं भाडं परवडत होतं म्हणून.

एक योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. त्याच उन्हाळ्यात बडोदा सरकारची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. दोन्ही बातम्या एकाच राजाच्या कारकिर्दीतल्या, एकाच ऋतूतल्या.

किंमत

लग्नाची नवलाई ओसरायच्या आत, 1 सप्टेंबर 1913 ला थोरले राजेंद्र नारायण वारले. दारूनं. ज्या धाकट्याला राज्य नाही म्हणून नाकारलं तो कूचबिहारचा महाराजा झाला. वधूपित्याच्या हिशेबाला असा तडाखा बसलेला पाहून वाचकाला समाधान वाटतं, पण ते घाईचं आहे. जितेंद्रही त्याच वाटेनं गेले. 1922 च्या डिसेंबरात लंडनमध्ये त्यांचा अंत झाला. इंदिराराजे तेव्हा 30 वर्षांच्या, पदरी पाच मुलं, मोठा मुलगा जगद्दीपेंद्र सात वर्षांचा. आईवडिलांनी घराण्याच्या दारूबद्दल घेतलेली शंका खोटी नव्हती. अर्थात दारूनं तरणी मुलं बडोद्याच्या घरातूनही नेली, त्यामुळे ग्वाल्हेर-कूचबिहार अशी तुलना करून हाती फार काही लागत नाही.

त्यानंतर 1936 पर्यंत मुलाच्या वतीनं राज्याचा कारभार त्यांच्याकडे होता. म्हणजे पडद्यातली दुसरी राणी व्हायचं नाकारलेली बाई 14 वर्षं एका संस्थानाची राज्यप्रतिनिधी होती. त्यातली बरीच वर्षं परदेशात, शिकारीच्या हंगामात, जुगाराच्या मेजावर गेली, याबद्दल तेव्हाही कुरकुर होती आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. खर्च बेसुमार होता. विधवेनं पांढरं नेसायचं, तर त्यांनी पांढरंच नेसलं, फक्त ते पॅरिसहून आलेलं तलम शिफॉन असायचं. रूढी मोडायची नाही आणि पाळायचीही नाही, ही त्यांची जुनी रीत. ग्वाल्हेरच्या पत्रातही तीच होती.

माहेर तुटलं नाही. नातवंडं सुट्टीत बडोद्याला जात, लक्ष्मीविलास राजवाड्यात आजी-आजोबांच्या शिस्तीत राहत.

मग मुलीची पाळी आली. गायत्रीदेवींचं मन जयपूरच्या मानसिंहांवर बसलं, आणि मानसिंहांच्या घरी आधीच दोन राण्या होत्या. म्हणजे आईनं नाकारलेल्या सवतीहून एक जास्त, वर जयपूरचा पडदा. इंदिराराजेंना हे अजिबात रुचलं नाही. जयपूरच्या ‘नर्सरी’त आणखी एकीची भर, अशा अर्थाचं त्या तिखटपणे बोलल्या, आणि मुलीला थांबायला लावलं. वर्षं गेली, मुलगी हटली नाही. तेव्हा इंदिराराजेंनी बस्ता बांधायला घेतला: चादरी, पॅरिसचे रेशमी झगे, फ्लॉरेन्सहून फेरागामोचे जोडे आणि त्यांना जुळणाऱ्या पिशव्या. 9 मे 1940 ला कूचबिहारात लग्न लागलं. वधूची आई मांडवात होती, सगळ्या तयारीवर देखरेख करत. 27 वर्षांपूर्वी लंडनच्या त्या हॉटेलात वधूच्या आईची जागा रिकामी होती.